फुलवातींसाठी घेतलेला एसी

अक्काच्या हातातला कापूस खाली पडला आणि तिने तो उचलला नाही, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे होते, पण माझ्यावर नव्हते. तोंडाच्या कडेला लाळ आली होती.

"अक्का, झोपलीस काय?" मी विचारलं.

तिने पापणीही हलवली नाही.

मी उठायला गेले तर पाय उचलेनात. डोकं केव्हापासून ठणकत होतं, मला वाटलं गारव्यानं असेल. एसी चालू होता, गॅरेज छान गार होतं. शेगडीवर तुपाचं पातेलं होतं. खालची ज्योत निळी नव्हती, पिवळी होऊन वरवर लोंबत होती. ती मला दिसत होती, पण त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी बसल्या जागी ओकले, तेही तयार फुलवातींच्या ताटात. ताट वाया गेलं याचं वाईट वाटलं. अक्काचं त्या क्षणी काहीच वाटलं नाही. डोकं असं चालेनासं होतं.

मग मी रांगत शटरकडे गेले. शटर मीच आतून ओढून घेतलं होतं आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या खाली रबराची जाड पट्टीही आम्हीच चिकटवली होती. ती पट्टी लावल्यापासून चांगल्या दिवशीसुद्धा ते उचलायला दोघी लागायच्या. मी त्याच्यावर थापा मारल्या. बाहेर कुणाच्या तरी घराचं बांधकाम चाललं होतं, तिथे फरशी कापत होते. त्या आवाजात माझ्या थापा कुणाला ऐकू जाणार? शेवटी हाताला उलथनं लागलं. ते पट्टीखाली घातलं, त्यावर अंगाचा सगळा भार टाकला आणि शटर वीतभर वर आलं. मी आडवी पडून तोंड त्या फटीशी नेलं आणि उलथन्यासकट हात बाहेर काढला. पुढचं मला आठवत नाही.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

मी निपाणीच्या पलीकडच्या खेड्यातली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन बेंगळुरात राजाजीनगरला आले ती इथलीच झाले. मालक कारखान्यात कामाला होते. त्यांनी उतारवयात एक जुनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी घराच्या बाजूला पत्र्याचं छप्पर घालून गॅरेज बांधलं. मोटार बहुतेक वेळ बंदच असायची. ते गेल्यावर मी ती विकली. मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवते, खाली मी राहते.

गॅरेज रिकामं झालं तेव्हा मी तिथे वाती वळायला बसू लागले. घरात बसून वळता आल्या असत्या, पण गॅरेजचं शटर वर केलं की रस्ता समोर येतो. समोर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली इस्त्रीवाल्याची गाडी असते. भाजीवाली जाते, दूधवाला जातो. जाणारा येणारा विचारतो, "ऊटा आयता, अम्मा?" म्हणजे जेवण झालं का. आपण "आयतु" म्हणायचं. जेवण झालेलं नसलं तरी तेच म्हणायचं. तेवढं दिवसातून आठदहा वेळा बोलणं झालं की माणसाचा घसा गंजत नाही.

मला देवाधर्माचं फारसं नाही. वाती विकते म्हणून लोकांना वाटतं मी भाविक आहे. मला हाताला काम लागतं, एवढंच.

अक्का मागच्या गल्लीत राहायची, मुलाकडे. ती कन्नड, माझ्याच वयाची, तीही विधवा. कार्तिकात लक्षवातींचा नेम केलेल्या कुणा बाईसाठी ती माझ्याकडे वाती मागायला आली आणि माझ्या वाती बघून म्हणाली, "ह्या काय वाती आहेत? दोऱ्या आहेत दोऱ्या." आणि तिथेच बसून मला वळून दाखवल्या. बोटांना राख लावून कापसाच्या चिमटीला असा पीळ द्यायची की खाली फूल आणि वर टोक एका झटक्यात व्हायचं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोजच येऊ लागली. मी तिला अक्का म्हणायची, ती मला अक्का म्हणायची. दोघींत मोठी कोण याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. आमचं बोलणं कन्नडात चालायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

ती माझ्या घरात मात्र कधी येऊन बसली नाही. मी पहिल्यांदा म्हटलं, "आत चल, फरशी गार आहे." तर म्हणाली, "तुझ्या घरी रोज येऊन बसले तर सून म्हणेल, आपल्या घरात बसायला जागा नाही काय? गॅरेजात आले तर कामाला आले." मला ते पटलं. कामाला जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. म्हणून पाच वर्षांत ती उंबऱ्याच्या आत आली नाही आणि गॅरेजातली तिची जागा एक दिवस रिकामी राहिली नाही.

साध्या वातींना गिऱ्हाईक कमी झालं. लोकांना तुपात भिजवलेल्या तयार फुलवाती हव्या असतात. निरांजनात ठेवली, काडी लावली, झालं. म्हणून आम्ही त्या करू लागलो. अक्का वाती वळायची, मी तिथेच गॅसच्या शेगडीवर तूप पातळ करून साच्यात ओतायची, त्यात एकेक वात उभी करायची. तूप थिजलं की काढून डब्यात. पूजेच्या सामानाच्या दुकानदाराने सुचवलं होतं की थोडं मेण घाला, घट्ट राहतील. अक्का म्हणाली, "मेण घालणार असशील तर मी येत नाही." मग मेण घातलं नाही.

पूर्वी बेंगळुरात उन्हाळ्याला घाबरायचं कारण नव्हतं. आमच्या घरात कित्येक वर्षं पंखासुद्धा नव्हता. आता एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसवत नाही. आणि वाती वळताना पंखा लावता येत नाही, कापूस सगळा गॅरेजभर उडतो. त्या उन्हाळ्यात साच्यातलं तूप संध्याकाळपर्यंत थिजायचं नाही. काढलेल्या वाती डब्यात पुन्हा वितळून एकमेकींना चिकटायच्या. दुकानदाराने एक डबा परत पाठवला आणि विचारलं, "हे काय पाठवलंय, अम्मा?"

ते चाललं असतं. उन्हाळ्यात तुपाच्या वाती बंद ठेवल्या असत्या, साध्या केल्या असत्या. पण एक दिवस अक्काचं तोंड लालबुंद झालं. पदराने वारा घेत बसली. तिला रक्तदाबाचा त्रास होता. जाताना म्हणाली, "अक्का, उद्यापासून मी येत नाही. पोरगा रागावतो. उन्हाळा सरल्यावर बघू."

बघू म्हणणारी माणसं परत येत नाहीत हे मला ठाऊक आहे. मालकांचे मित्र असेच बघू बघू करत यायचे बंद झाले. मी रात्री जेवले, भांडी घासली आणि ठरवलं की गॅरेजात एसी बसवायचा.

वरच्या मजल्यावर तेव्हा पुण्याची एक मुलगी भाड्याने राहत होती. कंप्युटरच्या कामाला. कानात नेहमी ती बोंडं घातलेली. तिला सकाळी जिन्यात गाठलं.

"एसी? तुमच्या बेडरूमला ना, काकू?"

"गॅरेजला."

"गॅरेजला कोण एसी लावतं? सिरियसली, काकू, तुम्ही स्वतः आत पंख्याखाली झोपणार आणि वाती एसीत?"

"वाती वितळतात," मी म्हटलं. दुसरं कारण तिला सांगायची गरज नव्हती.

मुलगी चांगली होती. शनिवारी माझ्याबरोबर दुकानात आली. दुकानात इतकं गार होतं की मला पदर अंगभर घ्यावा लागला. विकणारा माणूस माझ्याशी हिंदीत आणि तिच्याशी इंग्रजीत बोलत होता. त्याने खोलीची लांबीरुंदी विचारली. छप्पर कसलं ते विचारलं. पत्रा म्हटल्यावर त्याने चेहरा वाकडा केला आणि दीड टनाच्या खाली जमणारच नाही म्हणाला. टन हे वजन नाही, गारव्याचं माप आहे, हे मला तिथे कळलं.

"खोलीत माणसं किती असतात?" त्याने विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

"आत गरम होणारी वस्तू? फ्रिज, ओव्हन, मशीन?"

"मशीन नाही. हातकाम आहे."

शेगडी मला आठवलीच नाही. शेगडीला कुणी मशीन म्हणत नाही. ती तिथे असायचीच, घरात चूल असायची तशी.

मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. एक होता पाण्याचा कूलर. तो मी लगेच नाकारला. दमट हवेत कापूस ओला होतो आणि वात लावली की तडतडते. दुसरा चाकांवरचा, कुठेही ढकलत न्यायचा, मागे हत्तीच्या सोंडेसारखी नळी, ती बाहेर सोडायची. तो त्याने चालू करून दाखवला. पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

"यात बोललेलं ऐकू कसं येणार?" मी मुलीला विचारलं.

"वातींना ऐकायचं असतं का, काकू?" ती हसली.

तिसरा खिडकीतला, जुन्या पद्धतीचा. विकणारा म्हणाला, हा स्वस्त आहे, टिकाऊ आहे, याला एक खटका आहे तो ओढला की बाहेरची थोडी हवा आत येते. पण त्याच्यासाठी भिंतीला खिडकीएवढं भोक पाडावं लागलं असतं आणि आमच्या गॅरेजची भिंत दगडी आहे. शिवाय तोही गुरगुरत होता. अक्काला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तिला आधीच प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची.

चौथा भिंतीवरचा, लांबट, पांढरा. एक डबा आत, एक बाहेर. तो चालू केलेला मला कळलाच नाही. विकणाऱ्याने त्याची पट्टी वर करून दाखवली, म्हणजे वारा छताकडे जातो, खाली कागदसुद्धा हलत नाही. मी पिशवीतून कापसाची चिमूट काढली आणि काउंटरवर ठेवली. ती हलली नाही. मग मी मुलीला थोडं लांब उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुझी आई पुण्याहून कधी येणार आहे?"

"दिवाळीत," ती तिथून म्हणाली. "का हो?"

"काही नाही. हाच घ्यायचा."

विजेचं, वीज वाचवण्याचे तारे किती त्याचं, हमीचं सगळं त्या मुलीने बघितलं. मी एसी आवाजावर निवडला.

बसवायला दोघे बाप्ये आले. त्यांतला मोठा हुबळीकडचा होता. त्याने शटर बघितलं आणि डोक्याला हात लावला. "अज्जी, असं ठेवलंत तर रस्ता गार होईल, गॅरेज नाही. पत्र्याखाली थर्माकोल मारा. शटरला खाली, बाजूला पट्टी लावा. तो वरचा झरोका बुजवा. कुठे फट ठेवू नका. सरी?"

"सरी," मी म्हटलं, म्हणजे ठीक आहे.

त्याचा काही दोष नाही. त्याने एसीचं काम केलं. शेगडी मी त्या दिवशी घासायला घरात नेली होती.

मी अक्काला निरोप पाठवला नाही, स्वतः तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "गॅरेजात एसी घेतलाय. फटी बुजवायला ये." ती पायात चपला घालून तशीच निघाली. सुनेला म्हणाली, "कामाला जाते." आम्ही दोघींनी दिवसभर पट्ट्या चिकटवल्या. झरोक्यात वातींचा खराब कापूस ठासून भरला. अक्का स्टुलावर चढली होती, मी स्टूल धरलं होतं.

"देवाच्या वातींचा कापूस भिंतीच्या भोकात," ती वरून म्हणाली. "तुझा हिशेब यमाकडे वेगळा असणार."

"तू चढलीस, तुझाच असेल. मी फक्त स्टूल धरलंय."

"आता आपण बरणीतल्या लोणच्यागत झालो बघ. झाकण लावायचं आणि मुरायचं."

ती इतकी हसली की मला स्टूल घट्ट धरावं लागलं.

पुढचे दिवस चांगले गेले. भर उन्हाळ्यात अक्का शाल घेऊन यायची. ती शाल पांघरून पीळ द्यायची आणि मी तूप ओतायची. तूप घटकाभरात पांढरं, घट्ट व्हायचं. साच्यातून वात टिचकीसरशी सुटायची. दुकानदार खूश झाला. आवाज नव्हता, त्यामुळे आम्ही हळू बोलायचो आणि हळू बोललं की माणूस जास्त बोलतो. तिने मला तिच्या पहिल्या मुलाचं सांगितलं, जो पाळण्यात गेला. पाच वर्षं रस्त्यासमोर बसून तिने ते सांगितलं नव्हतं. मी तिला मालकांचं सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

रस्ता मात्र बंद झाला. इस्त्रीवाला एकदा सकाळी भेटला तेव्हा म्हणाला, "अम्मा, शटर दिवसभर खाली. मला वाटलं गावाला गेलात. मोठी माणसं झाला आता, एसीत बसता. आम्ही विचारायचं कुणाला ऊटा आयता?" मी म्हटलं, "तू तुझी इस्त्री बघ." मला त्या दिवसांत रस्त्याची गरज नव्हती.

डोकं दोघींचं अधूनमधून दुखायचं. आम्हाला वाटलं, गारव्याची सवय नाही. मी एरवी सकाळी शटर वर असतानाच तूप पातळ करून घ्यायची आणि मग शेगडी बंद करून शटर ओढायची. म्हणून दुखण्यापुरतंच दुखायचं. आणि बंद गॅरेजात हवेचं काय, हा विचार आमच्या मनात आलाच नाही, कारण आम्हाला वाटायचं एसी बाहेरची हवा घेतो, ती नळीतून गार करतो आणि आत सोडतो. नाहीतर बाहेर तेवढा मोठा डबा, त्यात पंखा, कशाला असेल? अक्कालाही तसंच वाटायचं. पुण्याच्या मुलीलाही तसंच वाटायचं, हे तिने मला नंतर सांगितलं.

मग एका देवळाच्या वार्षिक पूजेसाठी खूप वाती हव्या होत्या. एका पातेल्याचं काम नव्हतं. एक ओतून होईपर्यंत दुसरं पातळ व्हायला हवं. अक्काला उकडायला नको म्हणून शटर खाली आणि एसी चालू. तूप हवं म्हणून शेगडीही चालू. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत ती जळत होती. त्या शेगडीच्या भोकांत महिनोन् महिने कापसाचे तंतू जाऊन बसले होते, तेही मागाहून कळलं.

अक्का शेवटचं नीट बोलली ती असं म्हणाली, "आज तूप कडवट वास मारतंय का गं?" मी हुंगून बघितलं आणि म्हटलं, "नाही. तुझं नाक म्हातारं झालंय." त्यानंतर तिच्या हातातला कापूस पडला.

उलथनं धरलेला हात इस्त्रीवाल्याला दिसला. तो नंतर मला म्हणाला, आधी त्याला वाटलं म्हातारी मांजर हाकलते आहे. मग हात हलेना म्हणून तो इस्त्री तशीच कुणाच्या तरी शर्टावर ठेवून धावला. त्याने आणि एका रिक्षावाल्याने मिळून शटर उचललं. पट्टी फाटली. मला शुद्ध आली तेव्हा मी रस्त्यावर उताणी पडले होते, माझ्याभोवती पाय होते आणि तो ओरडत होता, "सरका! स्वल्प गाळी बरली!" जरा वारा येऊ द्या. शेजारी अक्का होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त तळपाय दिसत होते, तुपाने माखलेले.

दवाखान्यात दोघींच्या तोंडावर प्राणवायूची टोपी लावली. खाटा शेजारी शेजारी होत्या. माझं डोकं संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आलं. ती डोळे मिटून पडलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. दुसरं बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिने अखेर डोळे उघडले, टोपी बाजूला सारली आणि पहिलं वाक्य बोलली, "तूप उतरवलंस काय?"

"जळलं," मी म्हटलं.

"पातेलं?"

"तेही."

"चांगलं होतं पातेलं," असं म्हणून ती पुन्हा झोपली.

डॉक्टरीणबाईंनी ज्योतीचा रंग विचारला. पिवळी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "अज्जी, एसी हवा आणत नाही. आतलीच हवा फिरवून गार करतो. बंद खोलीत शेगडी जळली की विषारी वायू होतो. त्याला वास नसतो. थोडा वेळ आणखी गेला असता तर दोघी झोपेतच गेला असतात." मी विचारलं, मग खिडकीतल्या एसीला खटका असतो, त्याने चाललं असतं का? त्या म्हणाल्या, "शेगडी चालू ठेवून कशानेच चाललं नसतं." ते एक बरं झालं. नाहीतर मी त्या खटक्याचा विचार करत बसले असते.

अक्काचा मुलगा आला. सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. माझ्या खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "माझी आई तुमच्याकडे मेली असती."

"मीही मेले असते," मी म्हटलं.

तो वळून आईची चादर नीट करू लागला. ती माझ्याकडे मरू नये म्हणून नव्हे, ती माझ्याकडे येत राहावी म्हणून मी तो एसी घेतला होता. हे त्याला सांगून उपयोग नव्हता. आई घरात असणाऱ्या माणसाला ते कळलं नसतं.

त्याने नंतर तिला येऊ दिलं नाही. मी दोनदा गेले, सुनेने सांगितलं, "झोपल्यात." मग पावसाळ्यात त्यांनी जे. पी. नगरात फ्लॅट घेतला. सामानाचा टेम्पो माझ्या गॅरेजसमोरूनच गेला. अक्का पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती. तिने टेम्पो थांबवायला लावला, खिडकीतून मला म्हणाली, "झरोक्यातला कापूस काढ आधी." मी म्हटलं, "काढलाय." टेम्पो गेला.

जे. पी. नगर याच गावात आहे. मेट्रोने गेलं की बदलावी लागते, पुढे रिक्षा. मी एकदा गेले. खाली पहारेकऱ्याने विचारलं, कोण पाहिजे, मग फोन लावला. वर अक्का सोफ्यावर बसली होती. सुनेने कॉफी आणली, चकली आणली. भिंतीवर एसी होता, बंद. सून समोर बसून राहिली. आम्ही दोघी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोललो, भाजीच्या भावाविषयी बोललो. मी पिशवीत कापूस नेला होता. तो बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही, कारण तिथे मी पाहुणी होते. अक्काचा उजवा हात सोफ्याच्या कव्हराचा एक सुटलेला दोरा घेऊन त्याला पीळ देत होता, सोडत होता, पुन्हा देत होता. निघताना ती लिफ्टपर्यंत आली आणि सुनेला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "इथे कामाला म्हणून जायला काही नाही गं." लिफ्टचं दार बंद झालं.

त्यानंतर फोन होतो कधीतरी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि फोन ती नेमका डाव्या कानाला लावते. मी ओरडते, ती "काय?" म्हणते. मग सून फोन घेते आणि सांगते की सगळं ठीक आहे.

गॅरेजचं शटर मी पुन्हा वर ठेवते. इस्त्रीवाला विचारतो, ऊटा आयता, मी आयतु म्हणते. त्याला एका जळालेल्या शर्टाचं ऐकून घ्यावं लागलं, ते तो अजून मला सुनावतो. तुपाच्या वाती मी थंडीत करते आणि तूप स्वयंपाकघरातून पातळ करून आणते. उन्हाळ्यात साध्या वळते. टोक अक्कासारखं येत नाही. दुकानदार बोलून दाखवतो, मी त्याला दुसरीकडून घे म्हणते, तो घेत नाही.

पुण्याची मुलगी खोली सोडून जाण्याआधी म्हणाली, "काकू, तो एसी विकून टाकू? मी ऑनलाइन टाकते फोटो." एक माणूस बघायलाही आला होता. त्याने चालू करून बघितला आणि म्हणाला, "आवाज नाही, चांगला आहे." मी त्याला म्हटलं, विकायचा नाही. मुलगी माझ्यावर चिडली. शटर उघडं ठेवून एसी लावता येत नाही आणि शटर बंद करून एकटीने बसायचं तर मी घरातच बसेन. तो भिंतीवर आहे. त्याच्यावर धूळ बसते ती मी पुसते.

त्या दिवशी बंद शटरच्या आत दोघीजणी होतो. दोघीही वाचलो. अक्का जे. पी. नगरला असते. मी इथे असते.